दहा बोटांचं गाणं

माझा नवरा रॅपर आहे, शब्द त्याला कधी कमी पडत नाहीत. पण मागच्या महिन्यात एका मुलाखतीत "यश म्हणजे काय रे तुझ्यासाठी?" असं विचारलं, तेव्हा प्रीतम दोनच वाक्यं बोलला. "बाबांनी एकदा माझ्या गाण्याबद्दल काहीतरी म्हणावं. वाईट म्हटलं तरी चालेल."

कारण मामा, म्हणजे माझे सासरे, काहीच म्हणत नाहीत. चौतीस वर्षं पिंपरीत एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये काढली त्यांनी, पत्रा दाबणाऱ्या अवजड यंत्रांवर; हात मध्ये राहिला तर बोटं जायची. प्रीतमनं चाकणची नोकरी सोडली, तेव्हा मला सातवा महिना होता. मी रडले, सासूबाई रागावल्या. मामांनी फक्त टीव्हीचा आवाज वाढवला.

आता त्याचं गाणं सिनेमात आलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद! रविवारी दुपारी आम्ही मोशीहून पिंपळे सौदागरच्या मल्टिप्लेक्सला गेलो. मामांनी स्वतःहून प्रेस शॉपमधल्या अकरा सोबत्यांना फोन केले होते. "पोराचा सिनेमा आहे, या," एवढंच. ते मी दाराआडून ऐकून प्रीतमला सांगितलं, तर हा दिवसभर शीळ घालत फिरला.

मी कडेची सीट घेतली. नऊ महिन्यांची सोनू मांडीवर, तिच्या कानांवर गुलाबी इअरमफ, पिशवीत दोन दुपटी, ताप मोजायचं यंत्र. बाहेर पडायचा दरवाजा किती पावलांवर आहे, तेही बघून ठेवलं होतं. सिनेमा तासभर चालला. मी पडद्याकडे कमी आणि मामांच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते.

एकदम पडदा काळा झाला आणि कंपनीत जेवणाच्या सुट्टीला वाजतो तसा हुटर वाजला. लांबलचक, शेवटी जरा चिरकणारा. गाण्याची सुरुवात! प्रीतमनं माझा हात धरला.

आणि मामा उठले.

त्यांच्यामागे प्रेस शॉपमधले नवनाथकाका उठले, सोपानराव उठले, अख्खी रांग उठली.

"चला, मध्यंतर झालं."

"च्या कुठं मिळतो रं हितं?"

"अहो काका, बसा ना खाली!" मागून कोणीतरी ओरडलं. पण गुडघे सांभाळत, एकामागे एक, बाराही जण शिस्तीत बाहेर. सासूबाईसुद्धा सवयीनं पिशवी उचलून निघाल्या. मी सोनूला घेऊन मागे धावले. "मामा, थांबा, गाणं लागलंय!" आत एवढा दणदणाट, कोणाला काय ऐकू येणार?

बाहेर चहावाला मुलगा गोंधळलेला. "अंकल, इंटरव्हलला अजून वीस मिनिटं आहेत."

तेवढ्यात प्रीतम आला. आमच्यामागे निघाला होता, पण गर्दीतून वाट काढेपर्यंत उशीर झाला. "झालं गाणं," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"अरे, पण हुटर झाला ना?" मामा म्हणाले.

"गाण्यातला होता तो, बाबा."

"गाण्यातला कसा? तो आपल्या कंपनीचा होता. शेवटी चिरकतो, मला नको सांगू."

"तुमच्याच गेटबाहेर उभं राहून मोबाइलवर घेतलाय. सिनेमावाले म्हणत होते, कॉम्प्युटरवर स्वच्छ हुटर बनवू. मी भांडलो त्यांच्याशी."

नवनाथकाका खो खो हसत सुटले. "च्यामारी, किसनराव! पोरानं बारा जणांना एका हुटरवर उठवलं. सुपरवायझरलासुद्धा कधी जमलं नाही!"

मामा हसले नाहीत. "खोटा असता तर उठलो असतो का मी?" ते म्हणाले. मग प्रीतमकडे वळून, "म्हण आता."

"इथे?"

"मग काय, परत तिकिटं काढू?"

प्रीतमनं घसा साफ केला. मामांनी नकळत समोरच्या स्टीलच्या रेलिंगवर प्रेसचा ठेका धरला. ठक, फुस्स, ठक.

*दोन्ही हात बटणावर, तेव्हाच प्रेस खाली,*
*माझ्या बापाची दहा बोटं रोज घरी आली.*
*दहा बोटं मोजून आई कडी लावी दाराला,*
*तीच मोजणी ठेका देते माझ्या या सुराला!*

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "हे तुला कोणी सांगितलं? तू तर झोपलेला असायचास."

"जागा असायचो, आई."

त्यांनी सगळ्यांसमोर मामांचा हात ओढून घेतला. मामा लाजले. "अगं कस्तुरा, रिटायर झालोय मी आता." तरी दुसराही हात पुढे केला.

सिक्युरिटीवाला आला, "सर, इथे गाता येत नाही."

"गप रं," सोपानराव म्हणाले, "आमच्या लाइनीचा पोरगा हाय."

प्रीतम मामांकडे बघत होता. मीही. सोनू इअरमफ ओढत होती, आणि चक्क मी तिला ओढू दिलं.

"शेवटाला घाई केलीस," मामा म्हणाले. "प्रेस खाली आली की वर जायला वेळ घेते. तू वेळच देत नाहीस तिला."

प्रीतमनं माझ्या खांद्यावर एवढा हात दाबला की दुखलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"अजून सांगा, बाबा. अजून काय चुकलं?"