दोन स्क्रू शिल्लक

मी सोशल मीडियावरचं एक जुनं प्रोफाइल आहे. जुनं म्हणजे आठ वर्षांचं. हसू नका मित्रांनो, आमच्यात आठ वर्षं म्हणजे पणजोबाचं वय!

माझा जन्म दिल्लीत, आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये झाला. उल्का तेव्हा पंधरा वर्षांची होती. उन्हाळ्याची सुट्टी होती, कूलर घरघरत होता आणि आईचा फोन आयता हाती लागला होता. जीभ बाहेर काढलेला स्वतःचा फोटो तिने मला चिकटवला आणि मी जगात आलो.

पुढे मला उसंत म्हणून नव्हती. गणपतीतली लेझीम, मयूर विहारच्या मावशीकडच्या पुरणपोळ्या, परीक्षा संपल्याचा धिंगाणा, सगळं माझ्याकडे यायचं. लोक कौतुक करायचे आणि मी फुलून जायचो.

सोळाव्या वर्षी तिने आईचा मिक्सर उघडला. पुन्हा जोडून बटण दाबलं, तर धूर निघाला आणि वर्तमानपत्रावर दोन स्क्रू शिल्लक राहिले. रागारागाने तिने त्या पसाऱ्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “मशीनों से पक्की कट्टी! आज के बाद पेचकस को हाथ नहीं लगाऊँगी।” पेचकस म्हणजे आपला स्क्रूड्रायव्हर.

गंमत बघा, हीच पोरगी पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाली. कॉलेजात तिला नवी नवी अ‍ॅप्स मिळाली आणि दोन वर्षं तिने माझं तोंडही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मग मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. वर्षभर अर्ज करकरून आलेलं ते पहिलंच. घरात आनंदीआनंद झाला, तेवढ्यात मैत्रीण शिवांगीचा फोन आला.

“अगं यार, ते लोक प्रोफाइल बघतात! सगळं डिलीट कर, बिल्कुल कोरं!”

उल्काने घाईघाईने मला उघडलं. मिक्सरचा फोटो दिसताच तिने ती ‘पक्की कट्टी’ दोनदा वाचली. तिचं बोट मला पुसायच्या बटणावर गेलं आणि मी देवाचं नाव घेतलं. पण समोर तिचे बाबा शांताराम चहा पीत बसले होते. अठ्ठावीस वर्षं मंत्रालयातल्या फायलींत मुरलेला माणूस. त्यांनी कप खाली ठेवला.

“थांब! फाईलमधला कागद काढायचा नसतो. काढला की संशय येतो. त्यावर टिप्पणी लिहायची असते.”

“बाबा, हे काय तुमचं ऑफिस आहे?”

“नाही ना? मग तर जास्तच काळजी घ्यायला हवी.”

बोट बटणावरून मागे आलं. उल्काने मला वाऱ्यावर सोडलं आणि ती अभ्यासाला बसली. बाबांनी मात्र रविवारी दुपारी चष्मा चढवला आणि माझ्या आठही वर्षांवर कार्यालयीन हिंदीत टिप्पण्या लिहून काढल्या. जिभेच्या फोटोखाली, “अवलोकन किया। आयु पंद्रह वर्ष। आपत्ति नहीं।” म्हणजे हरकत नाही. मिक्सरखाली, “उक्त मिक्सर अगले दिन पुनः जोड़ा गया। तब से चालू है। दो पेंच शेष हैं।” प्रत्येक ठिकाणी सही: शांताराम, अनुभाग अधिकारी, म्हणजे सेक्शन ऑफिसर. मी हसून हसून लोळलो. उल्काला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी विभागप्रमुख हरीश सरांनी मला आपल्या संगणकावर उघडून ठेवलं होतं.

“मशीनों से आपकी पक्की कट्टी है?” त्यांनी विचारलं आणि पडदा तिच्याकडे वळवला.

उल्काने बाबांच्या टिप्पण्या तेव्हा पहिल्यांदा वाचल्या. बिचारी कानापर्यंत लाल झाली. मला वाटलं, संपलं सगळं.

“और ये दो पेंच? सात साल से शेष हैं?” सर हसू दाबत म्हणाले.

“सर, वो नीचे की प्लेट के हैं,” उल्का हळूच म्हणाली. “मैंने इतना कस दिया था कि दो छेदों की चूड़ी मर गई।” म्हणजे मित्रांनो, आटे गेले. “तब से हाथ हल्का रखती हूँ।”

सरांनी मान डोलावली. उल्काला धीर आला.

“सर, एक बात कहूँ? प्रोफाइल देखना था तो पहले बता देते।”

सरांनी चष्मा काढला.

“बात ठीक है। बताना चाहिए था। देखकर चुप तो नहीं रहा ना, पूछ लिया।”

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं! कामाच्या पहिल्या सकाळी कंपनीच्या बसपाशी उभी राहून उल्काने फोटो काढला आणि, काय सांगू, तो माझ्याकडे टाकला. माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्यात जपून लिहा, पण लहानपणीच्या वेडेपणाची लाज बाळगू नका. आणि उद्या तुम्ही मोठ्या खुर्चीवर बसून दुसऱ्याचं प्रोफाइल उघडाल, तेव्हा आधी त्याला सांगा, फोटोखालची तारीख वाचा आणि मग त्या माणसालाच विचारा. माझ्यात उल्का थोडीशीच मावते हो.

त्या संध्याकाळी बसच्या फोटोखाली बाबांची टिप्पणी आली. या वेळी ती मराठीत होती आणि खाली अनुभाग अधिकारी नव्हतं.

“प्रकरण मार्गी लागले. फाईल बंद करू नये. – बाबा.”