चाळिसाचं पान

माझं हिब्रू रद्दीतलं आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या बाइंडिंगच्या दुकानात एक जाडजूड शब्दकोश दुरुस्तीला आला होता. पाठ मोडलेली, शिवण उसवलेली. एका बाजूला हिब्रू शब्द, दुसऱ्या बाजूला आपल्या भाषेत अर्थ. मी तो शिवला, नवे पुठ्ठे चढवले, पाठीला निळं कापड लावलं, आणि गिऱ्हाईक काही परत आलं नाही. वर्षभराने मालक म्हणाले, "टाका तो रद्दीत." मी पिशवीत टाकला.

शाळा माझी सातवीत सुटली. पण खळ वाळेपर्यंत बाइंडरला दुसरं काम नसतं. तेवढ्या वेळात रोज दोन अक्षरं, असं करत बावीस अक्षरं अकरा दिवसांत पाठ झाली. मग कळलं की त्या भाषेत प्रत्येक अक्षर हा एक आकडाही असतो, म्हणून प्रत्येक शब्दाची बेरीज होते. मग काय विचारता! आमचे हे म्हणायचे, "घरातलं मीठ संपलंय ते हिला चार दिवस कळत नाही, पण देवाच्या सगळ्या शब्दांची बेरीज तोंडपाठ."

बुधवारी दुपारी दुकान बंद असतं. मागच्या खोलीत, कागद कापायच्या टेबलाभोवती, आमचा बायबलचा शास्त्राभ्यास सुरू झाला. मालक, निवृत्त पोस्टमास्तर, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. शिकवणारी मी. हसू नका, मलाही पहिले दोन बुधवार हसूच येत होतं.

तिसऱ्या बुधवारी मी फळ्यावर तीन शब्द लिहिले. 'अब' म्हणजे बाप, बेरीज तीन. 'एम' म्हणजे आई, बेरीज एक्केचाळीस. "आता दोघांची मिळून करा," म्हटलं. पोस्टमास्तरांनी चव्वेचाळीस सांगितले. मी तिसऱ्या शब्दावरचा कागद काढला. 'येलेद' म्हणजे मूल. बेरीज चव्वेचाळीस.

खोलीत सगळ्यांच्या तोंडून एकदम "अहाहा" निघालं. पोस्टमास्तरांनी तर चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली. जाऊबाई मोठ्याने म्हणाल्या, "बघा! तरी लोक म्हणतात, पोरगं सगळं बापावर गेलंय. तीनच आणे बाप, बाकी सगळी आई!"

त्या "अहाहा"ने माझं डोकं फिरलं. एकदा ते कानाला लागलं की पुढच्या बुधवारी त्याहून मोठं हवं असतं. मी घरी बेरजा शोधत बसायचे. जुळली नाही तर तो शब्द सोडून दुसरा घ्यायचे, आणि सोडलेल्या शब्दांबद्दल कोणाला सांगायचे नाही.

जाऊबाईंबद्दल सांगते. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात तीस वर्षं नोकरी. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. घडी अशी घालणार की वाटावं इस्त्री केली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला भाकरी— खोटं कशाला बोलू, मला काहीच येत नव्हतं, आणि सासूबाईंपुढे त्यांनी माझ्या प्रत्येक चुकीवर "ते माझ्याच हातून झालं" म्हणून पांघरूण घातलं. एवढं एक लक्षात ठेवा.

तर तो बुधवार. आदल्या आठवड्यात 'सात' शिकवून झाला होता. सात म्हणजे पूर्णत्व, सात म्हणजे शपथ, आणि तो सेनापती, जो नदीत सात बुड्या मारल्यावर अंगावरच्या रोगातून मोकळा झाला. त्या बुधवारी 'चाळीस' झाला. चाळीस दिवस पाऊस, चाळीस दिवस डोंगरावर, चाळीस वर्षं वाळवंटात. चाळीस म्हणजे परीक्षा, धीर धरायचा, आणि मग नवं काहीतरी सुरू होतं. "अहाहा" चांगलंच मिळालं होतं.

सगळे गेले. जाऊबाई कप विसळायला थांबल्या. माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "काय गं, एखादी गोष्ट आपली आपण जाते का, हे बघायला माणसाने किती दिवस थांबावं? शास्त्रात काही आहे का?"

एक हात नळाखाली होता. दुसरा ओला हात काखेत दाबलेला. तो मी पाहिला. नाही पाहिला असं म्हणायची सोय मला नाही. पोलक्याच्या बाहीवर पाण्याचा डाग उमटलेलासुद्धा मला आठवतो. कुठली गोष्ट, हा साधा प्रश्न माझ्या जिभेवर आला नाही, कारण जिभेवर उत्तर आधीच तयार होतं.

"चाळीस," मी म्हटलं. "आताच नाही का झालं? चाळीस दिवस पूर्ण होऊ द्यायचे. मधेच घाई केली की माणूस परीक्षेत नापास."

"चाळीस," त्या म्हणाल्या आणि कप पालथा घातला. "बरं."

पुढचे पाच बुधवार त्या आल्या. पिशवी डाव्या हातात घेऊ लागल्या. विनोद कमी झाले. दोघी बहिणींनी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, मी परीक्षेला बसलेय." मीही हसले सगळ्यांबरोबर.

नंतरच्या मंगळवारी त्या दुकानात आल्या. कामाच्या दिवशी त्या कधी येत नसत. माझे दोन्ही हात खळीने बरबटलेले. मालक पुढच्या खोलीत गिऱ्हाईकाशी बोलत होते.

"तुझे चाळीस काल संपले," त्या म्हणाल्या. "गेलं नाही."

"काय गेलं नाही?"

त्यांनी माझा हात धरला, तसाच खळीचा, आणि कपड्यावरून काखेजवळ टेकवला. कोटाच्या बटणाएवढं काहीतरी होतं. बटणासारखंच कडक.

"जाऊबाई, हे कधीपासून?"

"तुला विचारलं त्याच्या आठवडाभर आधीपासून. तेव्हा शर्टाचं बटण होतं."

दुसऱ्या दिवशी अभ्यासाऐवजी आम्ही दवाखान्यात होतो. जिथल्या चादरी त्यांनी तीस वर्षं धुतल्या, तिथेच. रांगेत बसल्यावर त्या परिटाच्या नजरेने पडदे बघत होत्या. "हा पडदा उलटा टांगलाय," म्हणाल्या. आतून हाक आली.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. तपासून झाल्यावर विचारलं, "एवढे दिवस का थांबलात?"

मी म्हटलं, "मी थांबायला सांगितलं."

"तुम्ही नर्स आहात?"

"नाही. बाइंडर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि तपासण्या सांगितल्या. तेव्हा त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तपासण्यांचे कागद आठवड्याने आले. जे असू नये म्हणून मी आठ दिवस देवाला विनवत होते, तेच होतं. आधी औषधाच्या सहा फेऱ्या, मग शस्त्रक्रिया. जाऊबाई कपडे घालायला पडद्याआड गेल्या, तेवढ्यात मी विचारून घेतलं.

"डॉक्टर, त्या चाळीस दिवसांत ते किती वाढलं असेल?"

"असा आकडा नसतो."

"अंदाजे?"

"अंदाजेही नाही सांगणार. काहीच बिघडलं नसेल, किंवा बिघडलं असेल. मी सांगितला तर तो आकडा खोटा असेल, आणि तुम्ही तो घेऊन बसाल."

कसं ओळखलं हिने मला, एवढ्यात?

बसथांब्यावर बाकावर बसलो. मी सगळं बोलून टाकलं. हात दिसला होता ते. विचारलं नाही ते. 'सात'सुद्धा शास्त्रातच होता आणि तो तर बरं होण्याचाच आकडा होता ते. पण 'सात' आदल्या आठवड्यात होऊन शिळा झाला होता आणि 'चाळीस' ताजा होता, तो मिरवायचा होता, तेही.

जाऊबाईंनी तपासण्यांचे कागद घडी करून पिशवीत ठेवले.

"मला काय तू एवढी बावळट समजतेस?" मग म्हणाल्या. "चाळीस दिवसांनी गाठ जाते असं मला वाटलं होतं? अगं, मी तीस वर्षं त्या वॉर्डाच्या चादरी धुतल्यात. मला भीती वाटत होती. कोणीतरी 'थांबा' म्हणावं म्हणून मी कोणाला विचारावं तर तुला विचारलं. तू काहीतरी लांबचं सांगशील हे मला ठाऊक होतं."

मला रडू फुटलं. मोकळं झाल्यासारखं. त्यांनी रुमाल दिला, अर्थात घडीचा.

"पण सात म्हणाली असतीस ना," त्या म्हणाल्या, "तर आठव्या दिवशी मी गेले असते. एवढं खरं. उगाच खोटं कशाला बोलू."

बस आली. आम्ही चढलो. नवी नवरी म्हणून आले तेव्हापासून ज्यांनी माझ्या सगळ्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्या, त्यांनी ही एक घेतली नाही. आणि त्यांचं बरोबर होतं.

घरी येऊन मी माझी वही काढली. ती मीच शिवलेली आहे, मेणाच्या दोऱ्याने. 'चाळीस'चं पान फाडायला पकडलं आणि बाइंडरची अक्कल आडवी आली. शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की त्याच कागदाचं दुसरं पान सुटतं. ते दुसरं पान होतं 'सात'चं. दोन्ही एकाच घडीची, समोरासमोर. त्या बुधवारी वही उघडली तेव्हाही दोन्ही डोळ्यांसमोर होती. पान ठेवलं. खाली त्याच दिवसाची तारीख घातली आणि लिहिलं, "या दिवशी जाऊबाईंनी विचारलं आणि मी त्यांना विचारलं नाही."

बुधवारी ते पान मी सगळ्यांपुढे वाचून दाखवलं. कोणाच्या तोंडून "अहाहा" आलं नाही. मालक कागदाची थप्पी उगीचच सरळ करत बसले. धाकटी बहीण रडली. शेवटी पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, माझ्या तीस-बत्तीस वर्षांत काही पत्रं चुकीच्या पत्त्यावर गेली. मोजली नाहीत कधी." आणि मग, "पुढच्या बुधवारी आहे ना अभ्यास?"

"नाही," मी म्हटलं. "पुढच्या बुधवारी पहिली फेरी आहे."

पहिल्या फेरीला सकाळी लवकर गेलो. हातात सुई, वर लटकवलेली बाटली, खाली जाऊबाई, अंगावर त्यांच्याच धुलाईघराची चादर. त्यांनी आधी तिचा काठ तपासला. "नवीन पोरगी लागलीय वाटतं. कोपरे जुळवत नाही." मग डोळे मिटले. झोप लागली असं वाटून मी स्टूल सरकवलं, तर म्हणाल्या, "सहा फेऱ्या आहेत ना गं?"

"हो."

"सहाला काय म्हणतात तुझ्या पुस्तकात?"

मला माहीत होतं. सहाव्या दिवशी माणूस घडवला, सहा दिवस काम आणि मग विसावा. सहाच्या अक्षराचा आकार, त्याचा अर्थ, सगळं जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं. तिथेच दाबून धरलं.

"जाऊबाई, दुखतंय का कुठे?"

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, जसं एखाद्या धुतलेल्या कपड्याकडे उजेडात धरून पाहतात, डाग गेला की नाही ते.

"हात गार पडलाय," त्या म्हणाल्या. "सुईचा."

मी तो हात दोन्ही हातांत घेतला. बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती. थेंब पडत होते, आणि मी ते मोजत नव्हते.