अर्ध्यावर तुटलेला प्रश्न

घशाच्या ऑपरेशनात विश्वंभररावांचा आवाज गेला, तेव्हापासून त्यांच्या वतीनं लॅपटॉप बोलायचा. तहसीलमध्ये आयुष्यभर टायपिंग केलेली बोटं. एकेक शब्द उमटला की लॅपटॉप तो मोठ्यानं म्हणे. एकदा चार्ज केला की दिवसभर चालतो, असं खोक्यावर छापलं होतं. खरं तर दोन-अडीच तासांतच तो मान टाकायचा.

रविवारी त्यांच्या लेकीला, नीलांबरीला, पाहायला वाशीमहून विश्वजीत आणि त्याची आई लक्ष्मीबाई डोंगरकड्याला आले. वीज सकाळपासूनच गेलेली. "कामापुरतंच बोला हं," अनुसूयाबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं. पण कितीतरी दिवसांनी ऐकणारं माणूस भेटलेलं. हळदीचा भाव, जुने साहेब, बदल्यांचे किस्से. विश्वंभरराव बोलतच राहिले.

शेवटी ते मुद्द्यावर आले. नीलांबरी कळमनुरीला बँकेत होती, नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली. लग्नानंतर ती सोडावी असं तुम्हाला वाटत नाही ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"नीलांबरीनं लग्नानंतर नोकरी सोडावी..." लॅपटॉप म्हणाला आणि बंद पडला.

लक्ष्मीबाईंचा चेहरा खुलला. "बराबर बोललात! हा विषय कसा काढावा, याच विचारात होतो आम्ही."

विश्वंभरराव घाबरून हात हलवू लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. नीलांबरी पुढं आली.

"बाबा, हळू बोला." तिनं त्यांचे ओठ वाचले आणि पाहुण्यांकडं वळली. "सोडावी असं तुम्हाला वाटत नाही ना, असं विचारून राहिलेत ते." मग तिनं लक्ष्मीबाईंकडं सरळ पाहिलं. "आणि मी सोडणार नाही."

विश्वजीतनं आईकडं पाहिलं, मग खाली. "आमच्यात आई म्हणते तसंच होतं," तो हळूच म्हणाला. विश्वंभररावांना त्याचा राग आला नाही. पोरगं बिचारं खरं बोललं होतं.

मंडळी चहा घेऊन, नमस्कार करून गेली. विश्वंभरराव पायरीवर बसून राहिले. आपल्याच बडबडीनं लेकीचं स्थळ गेलं, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

नीलांबरी शेजारी येऊन टेकली. "काहून रडता, बाबा? प्रश्न पूर्ण ऐकला असता, तर त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली असती. मला लग्नानंतर कळलं असतं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सोमवारी ती कामावर निघाली, तेव्हा ते एसटीच्या थांब्यापर्यंत तिच्यासोबत चालत गेले.