मुळीमहाराज आणि वरवंट्याचा टीबी

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत त्या रविवारी गिरणी संपाच्या सभेपेक्षा जास्त गर्दी होती, असं माझे वडील, दगडूआप्पा, म्हणाले. संप होऊन एकवीस वर्षं झाली, पण गर्दी मोजायचं माप तेच.

गर्दी मुळीमहाराजांसाठी. ते दर रविवारी आजाऱ्याच्या हातात पाण्याचा पेला देत. त्यात हिमालयातली सुकी मुळी घोळवली की पाणी हिरवं. "रोग उतरला." मग मंत्र, चार चमचे तीर्थ, पाणी फसफसून लाल. "रक्त शुद्ध झालं. आता गोळ्या बंद."

आप्पांचा टीबीचा कोर्स अर्ध्यावर होता. त्यांनी गोळ्या बंद केल्या.

मी एम.एस्सी.ला. गाजर, जिरं, ओवा, हिंग ही एकाच कुळातली मंडळी. त्यांचे डीएनए जुळवून कोण कोणाचं किती जवळचं, ते शोधायचो. इतका शिकलेला माणूस काय करतो? मी मुळी हुंगली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "आमच्याच कुळातली दिसते. नवी जात असेल."

पुढच्या रविवारी महाराज गरजले, "विज्ञान शरण आलं. तो बघा, दगडूचा डीएनएवाला पोरगा." मी नमस्कार केला. छानही वाटलं.

महाराजांनी खुशीने दिलेला मुळीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला. वंशवृक्षात ती थेट गाजराच्या फांदीवर बसली. म्हटलं, डब्यातली गाजराची कोशिंबीर नळीत सांडली असणार. पुन्हा केलं. गाजर. तिसऱ्यांदा डबा जिन्यात ठेवून केलं. गाजर.

घरी येऊन आईवर तापलो. "तुझ्या कोशिंबिरीने माझा शोध बुडवला."

"मेल्या, महिनाभर काकडी देतेय. बघून खातोस तरी?"

म्हणजे मुळी खरंच गाजर होती, काळं, सुकवलेलं. आईने उरलेल्या तुकड्याची एक कपची पाण्यात टाकली. पाणी जांभळं. कपड्यांचा सोडा टाकला, हिरवं. बांगडा माशाला चोळायला कापलेलं लिंबू पिळलं, फसफसून लाल. आई म्हणाली, "पेल्यात आधीच सोडा. तीर्थ म्हणजे लिंबू."

रविवारी तिने परातीत पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणून ठेवला. "महाराज, ह्याला बघा. तीस वर्षं मिरच्यांत गेली, छाती खराब असणार."

महाराजांनी मुळी लपवली. आईकडे होतीच; सोडा घातलेला घरचा पेला तिने वरवंट्यापुढे धरला, मुळी घोळवली, मग लिंबू पिळलं. वरवंट्याचा रोग हिरवा उतरला, मग रक्त शुद्ध झालं. आप्पा हसता हसता खोकू लागले आणि बराच वेळ थांबले नाहीत.

"गोळ्या कुठे ठेवल्यास?" त्यांनी आईला विचारलं.

"आधी डॉक्टर," आई म्हणाली. सोमवारी मीच नेलं. तिथे फार बोलणी बसली, मला, म्हणजे योग्य माणसाला.

तेव्हा कोणी चमत्कार दाखवला, तर पेला आपल्या घरचा न्या. आणि तीनदा गाजर निघालं तर गाजरच म्हणा; शिकलेल्यांनी तर मोठ्याने म्हणावं.