जागा भरल्यावरही लटकलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही. तरीही सांगते, कारण मनातली लाज सांगितल्याशिवाय हलकी होत नाही.

एका पेंटरने मला पिवळा रंग दिला आणि वर लाल अक्षरांत लिहिले, 'शिलाई कारागीर पाहिजेत. आत चौकशी करावी.' शेवटचा शब्द कडेला दाटीवाटीने बसवावा लागला, म्हणून बिचाऱ्याने बोलणीही खाल्ली. मग मला कपडे शिवण्याच्या कारखान्याच्या फाटकावर ठोकले. पहिल्याच आठवड्यात नऊ बायकांना काम मिळाले. सुपरवायझरबाई म्हणाल्या, "या पाटीचा पायगुण चांगला आहे हो!" मला पाय नाहीत, तरी मी फुगून गेले.

जागा भरल्या तसा पहारेकरी मला काढायला आला. मालकांनी त्याला थांबवले. "राहू दे रे. कारखाना जोरात चाललाय असं दिसतं. आणि आतल्या बायकांनाही जरा धाक राहतो."

त्या दिवसापासून मी खोटे बोलू लागले. दोन वर्षे बोलले. माणसे उन्हातून, दोन-दोन बस बदलून यायची. पहारेकरी खाली मान घालून सांगायचा, "जागा भरली." ती माझ्याकडे एकदा बघायची आणि निघून जायची. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

एका सकाळी एक बाई आल्या. पिशवीत त्यांनी स्वतः शिवलेल्या दोन कॉलर होत्या, नमुना दाखवायला.

"बाई, ती पाटी जुनी आहे," पहारेकरी म्हणाला.

"जुनी? अहो, माझ्या नणंदेने परवाच वाचली!"

"असेल वाचली. पण जागा दोन वर्षांपूर्वीच भरल्या."

बाई मटकन पायरीवर बसल्या. "मी कालच आधीच्या कारखान्यातलं काम सोडून आले हो. त्यांना सांगून आले, मला चांगलं काम मिळतंय म्हणून. आता कुठल्या तोंडाने परत जाऊ?"

मी तेव्हाच गळून पडायला हवे होते. पण माझे खिळे पक्के होते.

पहारेकऱ्याने त्यांना पाणी दिले. त्या गेल्यावर त्याने पक्कड आणली आणि एकेक खिळा उपसला. मालक ओरडत बाहेर आले, "कोणाला विचारून काढलीस?"

"कोणालाच नाही, साहेब. तुम्ही आत बसता. कामासाठी येणाऱ्यांच्या तोंडाकडे मला बघावं लागतं."

मालक तसेच आत वळले. मला परत लावायला मात्र त्यांनी सांगितले नाही.

पुढे त्या नणंदेने फाटकाशी थांबून पहारेकऱ्याला सांगितले, की वहिनी जुन्या ठिकाणीच परत गेली. पण तिचे मशीन दुसरीला दिले होते. आता ती तिथे उभ्याने धागे कापते.

मी आज पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून पडून आहे. त्या बाईंचे मशीन काही मला परत देता येत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी दुकान काढेल, कोणी कारखाना. माणसे हवी असतील तर पाटी जरूर लावा. पण जागा भरली, की त्याच दिवशी ती उतरवा. वाचणारा माणूस ती खरी समजूनच घरून निघतो.