बदललेली ड्युटी

नांदेडच्या त्या नर्सिंग कॉलेजात मंजुश्री मॅडमचा एक धडा सगळ्या मुलींना पाठ होता: रुग्णाला जात नसते, नर्सलाही नसते. दरवर्षी ती तो इतका ठासून सांगायची, की बाईंचा जन्म यासाठीच झाला असावा असं वाटे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, हे कळायला तिची आईच वॉर्डात यावी लागली.

खुब्याच्या ऑपरेशनसाठी पार्वतम्मा लातूरहून आल्या. मंजुश्रीने आपली सर्वांत हुशार विद्यार्थिनी, तनुजा, त्यांच्या देखभालीला नेमली. तनुजाने अलगद मान उचलून पाण्याचा कप त्यांच्या ओठांना लावला.

"कोण्या गावची गं तू?"

"मुदखेडजवळची, आज्जी."

"आडनाव काय?"

तनुजाने सांगितलं. आपल्याकडे एवढं पुरतं, पुढचं विचारणारा स्वतःच जुळवतो. पार्वतम्मांनीही जुळवलं आणि तोंड मिटून घेतलं. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"मला तहान न्हाई. मंजू, दुसरी कोणी हाय का?"

मुली मॅडमकडे बघू लागल्या. आता तो धडा येणार, अशी त्यांची खात्री होती.

"तनुजा, तू पलीकडच्या वॉर्डात जा," मंजुश्री म्हणाली. "सुकन्या, तू ये इथं." मग कुणी विचारलं नसताना पुटपुटली, "म्हातारं माणूस आहे."

तनुजाने कप ठेवला, रुमालाने म्हातारीची हनुवटी पुसली, रुमाल उशाशी ठेवला आणि ती गेली. मंजुश्रीला त्या रुमालाकडे बघवेना.

पुढे प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरून आलेल्या परीक्षक उमाबाई प्रश्न विचारत होत्या, शेजारी मंजुश्री बसली होती. तनुजाची पाळी आली.

"रुग्ण तुझ्या हातून सेवा घ्यायला नाही म्हणाला, तर काय करशील?"

"मी दुसऱ्या वॉर्डात जाईन, मॅडम. माझ्या जागी दुसरी मुलगी येईल."

"त्याच्याशी बोलणार नाहीस? समजावणार नाहीस? हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"पुस्तकात नाही. वॉर्डात शिकवलं."

"कोणी?"

तनुजाने मंजुश्रीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, निदान रागावता आलं असतं. उमाबाईंनी गुण कापायला पेन उचललं. मंजुश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी शिकवलं," ती म्हणाली. "ती पेशंट माझी आई होती. हिचे गुण कापू नका."

उमाबाईंचं पेन थांबलं. तनुजा उठली.

"मॅडम," तिने शांतपणे विचारलं, "माझ्या जागी दुसरीला पाठवू?"