मँडरिन माशाचे वयोमान

‘आक्काचा मासा वयोमानाने गेला. ती रुग्णालयात असताना आम्ही उभयतांनी त्याची सर्वतोपरी काळजी घेतली होती.’ धाकट्या भावाने हे निवेदन नातेवाइकांच्या गटावर टाकले आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणालाही काही विचारावेसे वाटले नाही. वाक्ये दोनच, आणि दोन्ही खोटी. इतक्या थोड्या शब्दांत इतका मजकूर दडवायला कसब लागते.

आधी वयोमान पाहू. पोटाला मिळाले तर हा मासा दहा वर्षे सहज काढतो. आक्काच्या घरी त्याला तिसरे वर्ष चालू होते, आणि आला तेव्हा तो बोटाच्या पेराएवढा होता. हे वयोमान मान्य केले तर माणसाने तिशीतच वार्धक्याने मरायला हरकत नाही.

आता काळजी. त्यासाठी हा प्राणी जेवतो कसा, हे सांगणे भाग आहे. निळ्या अंगावर नारिंगी वळणे असलेला हा मासा वरून टाकलेल्या दाण्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. समुद्रातून आणलेल्या सच्छिद्र दगडांत रव्याच्या कणाहून बारीक असे जिवंत कवचधारी जीव वाढतात. दिवसभर दगडांवरून सरकत तो तेच टिपत राहतो. आक्काने प्रथम मागितला तेव्हा दुकानदाराने साफ नकार दिला होता. ‘बाई, तुमची टाकी लहान, त्यात कच्ची. आधी दगड पिकू द्या, मग मासा न्या.’

आक्काने वर्षभर नुसते दगड सांभाळले. दिव्याखाली त्यांच्यावर जांभळी पुटे चढली, हिरवी लव आली, काचेवर पांढरे ठिपके धावू लागले. भाऊ दर भेटीत विचारी, ‘आक्का, तुझ्या धोंड्यांचं बारसं केव्हा?’ ती हसे. नकाशे आखण्याच्या कचेरीत हयात गेलेल्या माणसाला थांबणे जड जात नाही. अखेर मासा आला तेव्हा त्याच्या अंगावरच्या रेषा पाहून ती म्हणाली होती, ‘डोंगराच्या उंचीच्या रेषा कुणीतरी पिऊन काढलेल्या दिसतात.’

मग ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचे हाड मोडले. स्ट्रेचरवरून तिने भावाला एवढेच बजावले, ‘आटेल तेवढं गोडं पाणी घालत जा, मीठ टाकीतच राहतं. बाकी कशाला हात लावू नकोस. त्याचं त्याला मिळतं.’

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. वडिलांनी ते दोघा भावंडांच्या नावे ठेवले होते; राहत होती एकटी आक्का. डॉक्टरांनी सांगितले की जिने चढता आले तर घरी जा, नाहीतर भावाकडे. त्या दिवसापासून व्यायाम करवून घेणारी मुलगी थकून बसे, पण आक्का कठडा सोडत नसे. तिला स्वतःच्या घरी जायचे होते. फोनवर मात्र ती हे बोलत नसे. माशाची चौकशी करी.

‘कसा आहे?’

‘झकास! रंग बघशील तर डोळे दिपतील.’

‘रंग राहू दे. पोट बघ. आत गेलंय का?’

‘अगं, दिवसभर दगडाला तोंड लावून असतो. तुझ्यापेक्षा जास्त जेवतो तो!’

‘वरून एक फोटो काढून पाठव.’

‘पाठवतो, पाठवतो. तू आधी आपल्या पायाकडे बघ.’

फोटो आला नाही. इथे एक गोष्ट भावाच्या पदरात टाकायला हवी: तो पाहत होता ते खरेच सांगत होता. हा मासा उपाशी मरतानाही रंग सोडत नाही, आणि दगडावर काही असो वा नसो, टिपण्याची सवयही सोडत नाही. चित्र सुखाचे दिसते. बहीण पोटाविषयी विचारत होती, आणि पोटाकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

मासा गेल्याचे आक्काला गटावरच कळले. त्यानंतरच्या आठवड्यात ती काठी टेकत, प्रत्येक वळणावर श्वास घेत तिन्ही जिने चढली. भाऊ मागून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होता. त्याच्या आवाजात काळजी होती, पण त्याहून अधिक आश्चर्य होते.

दार उघडले. टाकीतले दगड घासलेल्या फरशीसारखे पांढरेशुभ्र होते.

‘छान दिसते ना टाकी, वन्सं?’ भावजय चहाचे कप मांडत म्हणाली. ‘केवढं शेवाळ धरलं होतं!’

‘कुणी धुतली?’

‘ह्यांनीच. एकेक दगड नळाखाली धरून तारेच्या ब्रशने घासला. साबण नाही हो लावला!’

साबण लावला नाही, ही या प्रकरणातली एकमेव पुण्याई. समुद्रातल्या त्या बारक्या जिवांना नळाचे गोडे पाणीच पुरेसे असते. जे उरले असतील ते ब्रशने नेले. घरात ज्याला मळ म्हटले गेले ते माशाचे वाढलेले ताट होते. त्यानंतर तो रिकाम्या दगडांवर तोंड मारत राहिला, आणि घरच्यांनी त्याला जेवण म्हटले.

‘कधी घासले?’ आक्काने विचारले.

‘तुम्हाला नेलं त्याच आठवड्यात. रविवारी मंडळी यायची होती ना...’ भावजय थबकली आणि एकाएकी तिला साखर आठवली.

‘कोण मंडळी रे?’

‘माझे मित्र गं. सहज.’

आक्का स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी गेली. भिंतीवर पेन्सिलीने दोन बाण काढलेले होते, मध्ये आकडा. असे बाण तिने उभ्या जन्मात हजारो काढले होते.

‘तुझ्या मित्रांनी सहज माझ्या भिंतीचं माप घेतलं?’

भावजयीने नवऱ्याकडे पाहिले. तो खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. मग जे बोलला त्यात इथे एका अक्षराचीही भर घातलेली नाही:

‘हो, घासले मी दगड. घर बघायला लोक येणार आणि दारातच ती शेवाळलेली टाकी, कोण घेईल सांग? मासा मरेल हे मला माहीत नव्हतं, तुझी शपथ. पण तू हे जिने परत चढशील असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं, आक्का. वाटलं असतं, तर हात तरी लावला असता का?’